नोटीस बोर्डाची किल्ली

तांबोळीसरांनी पाणी पुढे केलं की समोरचा ओळखायचा, आता सहज सुटका नाही. एरवी कुणी रजेच्या अर्जासाठी किंवा ओळखपत्रासाठी त्यांच्या टेबलाशी गेलं, तर काम उभ्याउभ्या होऊन जायचं. पण कुणी म्हणालं की "सर, एका मदतीचं आवाहन लावायचं होतं," की सर पाण्याच्या स्टीलच्या जगमधून पेलाभर पाणी ओतायचे. "बसा. आधी पाणी घ्या. खडकवासल्याचं आहे, त्यात माझे काही उपकार नाहीत." मग ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे, आणि तो पुसून होईपर्यंत अर्ज घेऊन आलेला माणूस निम्मा खचलेला असायचा.

पुण्याबाहेर मांजरी गावाच्या पुढे, उसाची शेतं आणि नव्या इमारती जिथे एकमेकींना ढकलत उभ्या आहेत, तिथे आमची कंपनी आहे. पंपांचे सुटे भाग बनवते. सर तिथल्या कर्मचारी विभागाचे प्रमुख आणि मी त्यांची मदतनीस. विभागात आम्ही दोघंच. मी यवतमाळची, नारायण पेठेत एका खोलीत दोघींबरोबर भाड्याने राहणारी, आणि पुण्यातलं बोलणं ऐकून पहिले सहा महिने रोज दुखावली जाणारी. सर पुण्याचेच, भवानी पेठेतले, पाच पिढ्यांपासूनचे. मला ते पहिल्या दिवसापासून "अहो वानखेडे" म्हणायचे. त्या "अहो"मध्ये आदर किती आणि टोमणा किती, हे ओळखायला मला वर्ष लागलं.

कँटीनच्या दाराशी एक नोटीस बोर्ड होता, काचेच्या दारांचा, छोट्या पितळी कुलपाचा. त्याची एकच किल्ली होती आणि ती सरांच्या खिशातल्या पेनाच्या टोपणाला काळ्या दोऱ्याने बांधलेली असे. कुणाच्याही मदतीचं आवाहन त्या बोर्डावरच लागायचं, दुसरीकडे कुठेही नाही. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. ते सर स्वतः अर्ध्या कागदावर, निळ्या शाईने, आपल्या गोल उभ्या अक्षरात लिहायचे. लोक रंगीत पत्रकं छापून आणायचे, वर रुग्णाचा फोटो, खाली जोडलेले हात. सर ती परत करायचे. "छापील कागद लावला, की ज्याचा प्रिंटर चांगला त्याचं दुःख मोठं दिसतं," असं ते म्हणायचे. नोटीस बरोबर पंधरा दिवस राहायची आणि सोळाव्या दिवशी सकाळी निघायची. त्यामुळे त्यांच्या पाठीमागे त्यांचं नावच "पंधरा दिवस" पडलं होतं. "पंधरा दिवस जागेवर आहेत का?" असं कुणी विचारलं तर नव्या माणसाला वाटायचं की रजेबद्दल चाललंय.

मदतीची पेटी कँटीनमध्ये होती, पण पाण्याच्या कूलरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. तिथे कोण गेलं आणि कोण नुसतं पाणी पिऊन आलं, हे कुणाला कळू नये म्हणून. देणाऱ्यांची नावं खाली दिसतात अशी कुठलीही लिंक त्यांना चालायची नाही. मी एकदा म्हटलं, "सर, नाव दिसलं तर लोक जास्त देतील." ते म्हणाले, "देतील ना. पण मग ती मदत राहत नाही, हजेरी होते." आणि कुठल्याही साहेबाने आपल्या हाताखालच्या माणसाला मदतीबद्दल तोंडी एक शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा सगळ्यांत कडक नियम होता.

तो नियम खरोखर कडक आहे, हे मी एकदा घाम फुटेपर्यंत पाहिलं. आमच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी टेकडीवर झाडं लावणारी संस्था चालवायच्या. साहेबांना वाटलं, सगळ्या कर्मचाऱ्यांना आपल्या नावाने एक मेल जावा. ते स्वतः आमच्या खोलीत आले. सरांनी पाण्याचा जग उचलला.

"अहो तांबोळी, मलासुद्धा पाणी?"

"तुम्हाला थंड देतो साहेब. तुमच्या मेलला नाही म्हणायचं धाडस कंपनीत किती जणांत आहे?"

"कुणी सक्ती करतंय का?"

"नाही ना. म्हणूनच म्हणतो, बोर्डावर लावू. अर्धा कागद, पंधरा दिवस."

मी संगणकात डोकं खुपसून बसले होते. आता दोघांच्याही नोकऱ्या जाणार, असं मला वाटत होतं. साहेब पाणी न पिता गेले. दुसऱ्या दिवशी झाडांचं आवाहन बोर्डावर लागलं, एका ड्रायव्हरच्या वडिलांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेशेजारी, त्याच मापाच्या कागदावर. सरांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी मात्र आठवडाभर साहेबांची गाडी दिसली की जिन्याने जायचे.

तसेच ते ओळखीच्यांच्या बाबतीत. एका दिवशी सकाळी शेजारच्या मंडळाची पोरं गणपतीची पावतीपुस्तकं घेऊन आली आणि दुपारी सरांच्याच मोहल्ल्यातली दोन वयस्क माणसं मशिदीच्या दुरुस्तीसाठी. दोघांना पाणी मिळालं आणि दोघांना एकच उत्तर. "देवाच्या कामाला माझ्या फळ्याची गरज पडत नाही. घरी या, मी देतो." आणि ते देतही असत, दोन्हीकडे. मंडळाच्या आरतीला त्यांना बोलावणं यायचं आणि ते नीट इस्त्रीचा शर्ट घालून जायचे.

त्यांचा छापील अर्ज होता, एका पानाचा. पहिलाच रकाना: "ज्यांच्यासाठी मदत मागायची आहे, त्यांना विचारलं आहे का?" त्यापुढे खूण नसेल तर सर पुढचं वाचायचेच नाहीत. आणि त्या माणसाला भेटून अर्ज दाखवल्यावरही त्याच दिवशी सही घ्यायचे नाहीत. दोन दिवस विचार करायला द्यायचे. मला हा सगळा प्रकार अतिशहाणपणाचा वाटायचा. आमच्याकडे यवतमाळला कुणाच्या घरी आजार निघाला तर शेजारीपाजारी विचारत बसत नाहीत, डबा घेऊन सरळ घरात शिरतात. बुडणाऱ्याला हात देण्याआधी अर्ज भरून घेणारा हा कोण माणूस, असं मी खोलीवर मैत्रिणींना रंगवून सांगायचे.

मग सर मोतीबिंदूसाठी आठ दिवस रजेवर गेले आणि जाताना पेन माझ्या टेबलावर ठेवून गेले, दोऱ्यासकट, किल्लीसकट.

तिसऱ्या दिवशी जुळणी विभागाचे सुपरवायझर घोरपडे आले. त्यांच्या हाताखाली शोभा काळे नावाची बाई होती. तिच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र निघालं होतं, मोठी शस्त्रक्रिया होती. घोरपड्यांचे डोळे भरून आले होते आणि ते सोंग नव्हतं. मी पहिल्या रकान्यावर पेन ठेवून विचारलं, "शोभाताईंना विचारलंय ना?"

"अहो मॅडम, ती कशाला नाही म्हणेल? उलट तिला आश्चर्याचा धक्का देऊ. बिचारी एकटी सोसतीय."

मी खूण केली. पाणी दिलं नाही, चष्मा मला नव्हताच. शोभाताईंच्या व्हॉट्सॲपवरचा मुलीचा फोटो घोरपड्यांनीच दिला, दोन वेण्या, शाळेचा गणवेश. मी रंगीत पत्रक केलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, "एका चिमुकलीचा जीव वाचवा." बोर्डावर लावलं आणि वेळ जाऊ नये म्हणून कंपनीच्या ग्रुपवरही टाकलं. भराभर हात जोडलेली चित्रं येऊ लागली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम मी त्या दिवशी केलं, असं मला तासभर वाटत होतं.

शोभाताई डबा घेऊन कँटीनमध्ये आल्या आणि बोर्डासमोर थांबल्या. मी आमच्या खोलीच्या काचेतून हसून त्यांच्याकडे पाहिलं. त्या मागे वळल्या आणि गेटमधून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन बंद. मग कुणाकडून तरी कळलं. ग्रुपवरचं पत्रक पुढे पाठवत पाठवत त्यांच्या गल्लीत पोचलं होतं आणि मुलीने ते शेजारणीच्या फोनवर वाचलं होतं. आईने तिला साधी तपासणी आहे असं सांगितलं होतं. शोभाताई घरी पोचल्या तेव्हा ती दारातच उभी होती, आणि तिने विचारलं, "आई, माझा जीव जाणारे का?"

माझा नोकरीत कायम होण्याचा महिना होता, पण खरं सांगते, नोकरीची भीती दुसरी होती. पहिली भीती ही होती की त्या मुलीला रात्री झोप लागत असेल का. आणि तिसरी, सर सोमवारी येणार.

सर आले. डोळ्यांवर हिरवा चष्मा. बोर्ड पाहिला, माझ्याकडे हात पुढे केला, मी पेन दिलं. कुलूप उघडून त्यांनी पत्रक काढलं, घडी केली. मग खोलीत येऊन त्यांनी जगमधून पेला भरला आणि माझ्यापुढे ठेवला.

"बसा, वानखेडे. पाणी घ्या."

मी रडायला लागले. ते थांबले. समजूत घातली नाही, रागावलेही नाहीत. रडणं संपल्यावर म्हणाले, "आता तोंड धुऊन या. आपण त्यांच्याकडे जाऊ." बसमध्ये मी काय काय बोलायचं त्याची घोकंपट्टी करत होते. मनात मात्र धरून होते की बोलतील सरच, मोठे आहेत, सांभाळून घेतील.

दोन खोल्यांचं घर होतं, पत्र्याचं. मुलगी आतल्या खोलीत होती, पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. सर म्हणाले, "शोभाताई, या वानखेडे. यांना तुमच्याशी बोलायचंय." आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसले. मी काय बोलले ते मला आज आठवत नाही. शोभाताईंचं मात्र शब्दन् शब्द आठवतं.

"मॅडम, तुम्ही विचारलं असतं तर मी हो म्हणले असते. पैशाची गरज हायच की. मी काय येडी हाय का नाही म्हणायला? पण आधी मी पोरीला जवळ बसवून सांगितलं असतं. माझ्या तोंडानं. तेवढं तुम्ही घेतलं माझ्याकडनं."

सरांनी कोरा अर्ज तिथे ठेवला. "आज सही करू नका. दोन दिवस घ्या. नाही म्हणालात तरी तुमच्या कामात आणि माझ्या बोलण्यात फरक पडणार नाही." शोभाताईंनी दोन दिवसांनी सही केली. सरांनी अर्ध्या कागदावर लिहिलं, "आपल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या उपचारांसाठी." नाव नाही, फोटो नाही. शस्त्रक्रिया नीट झाली. मुलगी आता कॉलेजात आहे आणि रस्त्यात भेटली तर माझ्याशी चांगली बोलते, तरी मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

वर साहेबांना सरांनी काय कळवलं ते मला ठाऊक नाही. माझं कायम झाल्याचं पत्र आलं. सर म्हणाले, "ते पत्र तुमचं. पण तुम्ही खूण केलेला अर्ज मी ठेवून घेतलाय." निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पेन आणि किल्ली माझ्या हातात दिली आणि वर तो जुना अर्ज ठेवला. तो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. येणाऱ्याला पाणी दिलं की चष्मा पुसण्याऐवजी मी तो वाचते.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी, एका शुक्रवारी सकाळी घोरपडे आले. त्यांच्या हातात भरलेला अर्ज होता, मागे सह्यांची दोन पानं, पहिली सही शोभा काळेंची. "पंधरा दिवसांना रक्ताचा आजार निघालाय, मॅडम. औषध महागडं आहे. सोमवारी सुरू करायचं की नाही ते सांगायचंय हॉस्पिटलला. लगेच लावा."

पहिला रकाना मोकळा होता.

"सरांना विचारलंय?"

"तुम्हाला वाटतं ते हो म्हणतील?"

"नाही."

"मग कशाला विचारता? माणूस गेल्यावर नियम काय उशाला घ्यायचेत?"

मी सरांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नींनी, भाभींनी उचलला आणि दबक्या आवाजात तेच सांगितलं. "अहो, यांना विचारू नका. नाहीच म्हणणार ते. तुम्ही लावून टाका, मी बघते नंतर." मी फोन ठेवला आणि किल्ली हातात घेऊन किती वेळ बसले. एका बाजूला त्या मुलीचं वाक्य होतं. दुसऱ्या बाजूला हे की मी विचारायला जाईन, सर "नाही" म्हणतील आणि त्या एका शब्दाने ते मरतील, आणि तो शब्द मी जाऊन मागितलेला असेल. शेवटी अर्ज घेऊन मी भवानी पेठेत गेले. जिन्यात दोनदा थांबले.

सर फार वाळले होते. पलंगावर बसल्याबसल्या त्यांनी भाभींना पाणी आणायला सांगितलं. "घ्या वानखेडे. अजून खडकवासल्याचंच आहे." मी पेला घेतला, त्यांनी अर्ज घेतला. "अर्जदार घोरपडे. सुधारले नाहीत." मग वर बोट ठेवलं. "हा रकाना मोकळा का?"

"तोच भरायला आलेय, सर."

भाभी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सरांनी अर्ज पहिल्यापासून वाचला. मग त्यांनी तो उशाखाली ठेवला. "सही आज घ्यायची नाही. दोन दिवस."

"सर, सोमवारी सांगायचंय हॉस्पिटलला."

"आज शुक्रवार आहे. दोन दिवस बसतात."

असे शनिवार-रविवार कुणावर येऊ नयेत. शनिवारी मी दूध दोनदा उतू घालवलं. घोरपड्यांचे फोन येत होते. ते मला घालूनपाडून बोलत होते आणि त्यांचं काय चुकत होतं? फोन वाजला की भीती, नाही वाजला की भीती. मला सरांचा राग आला, त्यांच्या रकान्यांचा राग आला, मग स्वतःचा. रविवारी दुपारी चारला भाभींचा फोन आला. "या म्हणतायत."

पहिल्या रकान्यात खूण होती. खाली सही होती.

"वानखेडे, इतकी वर्षं मी लोकांपुढे हा कागद सरकवला," सर म्हणाले. "सही करताना हात इतका जड होतो, हे मला कुणीच सांगितलं नाही. तुम्ही न विचारता लावला असतात, तर मी काढायला लावला असता. भांडून, हट्टाने. मग मेलो असतो, घोरपड्यांच्या नावाने खडे फोडत." त्यांनी मला हसण्यासाठी वेळ दिला. मला हसू आलं नाही. मग त्यांनी उशाखालून आणखी एक कागद काढला, अर्धा. नोटीस त्यांनीच लिहून ठेवली होती. "तुमच्यावर सोडलं असतं तर चिमुकल्याचा जीव वाचवा लिहिलं असतंत. फोटो नाही, नाव नाही. पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी मी फोन करीन."

सोमवारी सकाळी मी ती लावली. "आपल्या एका निवृत्त सहकाऱ्याच्या उपचारांसाठी." नाव खरंच नव्हतं. पण निळी शाई, ती गोल उभी अक्षरं, आता जरा कापरी. पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन आली आणि बोर्डासमोर थांबत गेली. इतकी वर्षं सगळ्यांची दुःखं त्याच अक्षरात वाचलेली ती माणसं. त्या दिवशी कूलरवर पाण्यासाठी एवढी रांग लागली की कँटीनवाल्याला वाटलं, जेवणात मीठ जास्त झालंय.

औषध सुरू झालं. शरीराने ते घेतलं नाही. तेराव्या दिवशी पहाटे सर गेले. कब्रस्तानाबाहेर घोरपडे माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "विचारलंत ते बरं केलंत." अजूनही त्या दोन दिवसांचा हिशेब माझ्या मनात मिटलेला नाही. दोन दिवस आधी कळवलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, फरक पडला नसता. डॉक्टर असं म्हणतातच.

सोळाव्या दिवशी सकाळी मी नोटीस काढली नाही. कंपनीत कुणी काढा म्हणालं नाही. अक्षर तेवढंच राहिलं होतं त्यांचं, असू दे आणखी आठ दिवस, कुणाचं काय अडलंय, असं मी स्वतःला समजावलं आणि खोलीत येऊन बसले.

साडेदहाला फोन वाजला. सरांच्या घरचा नंबर होता. भाभी होत्या.

"ताई, यांनी मला सांगून ठेवलं होतं. मी नसलो तरी सोळाव्या दिवशी वानखेड्यांना फोन कर म्हणून. विचारायला सांगितलंय, नोटीस काढली का?"

"आत्ता काढते, भाभी," मी म्हणाले, आणि पेन घेऊन उठले.